हेरखाते आणि विधिमंडळ : नित्य व्यवहाराचा एक आढावा

ज्या संस्थेचे सारे बळ गोपनीयतेत असते आणि ज्या सभेचे सारे बळ उघड चर्चेत असते, त्या दोहोंना एकाच राज्यघटनेखाली नांदवायचे कसे, हा प्रश्न लोकशाही राष्ट्रांपुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच खऱ्या अर्थाने उभा राहिला; कारण तत्पूर्वी हेरगिरी ही राजाची अथवा सेनापतीची खासगी बाब समजली जात होती, आणि तिच्यावर खर्ची पडणाऱ्या द्रव्याचा हिशेब मागण्याचा आपणास अधिकार आहे, असे लोकप्रतिनिधींनाही फारसे वाटत नव्हते. या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखक गाजलेल्या चौकशा, शपथेवरच्या जबान्या आणि कायद्यांची कलमे यांच्याकडे वळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. मला मात्र या विषयाचे मर्म रोजच्या साध्या कारभारात सापडते. हेरखात्याचा कोणता अधिकारी कोणत्या सभासदाच्या कचेरीत गेला, त्याने काय सांगितले, ते कोणी लिहून घेतले, आणि लिहिलेला कागद अखेर कोणाच्या दफ्तरात राहिला, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवरच विधिमंडळाची सत्ता खरी की नाममात्र हे ठरते, असे या इतिहासाचा धांडोळा घेतल्यावर दिसून येते.

या आढाव्यासाठी मी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंद्रीय गुप्तवार्ता संस्था, म्हणजेच सी. आय. ए., आणि काँग्रेस हे तेथील द्विगृही विधिमंडळ यांचा परस्परव्यवहार निवडला आहे. कारण जगातल्या दुसऱ्या कोणत्याही हेरखात्याच्या या बाजूचे कागद इतक्या विपुलतेने उजेडात आलेले नाहीत. खुद्द त्या संस्थेच्या अभ्यासकेंद्राने २००८ मध्ये एल. ब्रिट स्नायडर यांचा या विषयावरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. स्नायडर हे आधी सेनेटच्या गुप्तवार्ता समितीच्या सेवेत होते आणि पुढे सी. आय. ए.चे महानिरीक्षक झाले, म्हणजे हा व्यवहार त्यांनी दोन्ही बाजूंनी जवळून पाहिलेला होता.

अध्यक्ष ट्रूमन यांनी २६ जुलै १९४७ रोजी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली त्या कायद्याने ही संस्था जन्माला आली. परंतु तिने काँग्रेसला काय कळवावे, केव्हा कळवावे आणि कोणामार्फत कळवावे, याविषयी त्यात एकही तरतूद नव्हती. दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, झालेल्या दुसऱ्या कायद्याने तर संस्थेच्या संचालकाला असा विलक्षण अधिकार दिला की, गोपनीय कामावर झालेल्या खर्चासाठी त्याच्या सहीचा दाखला हाच पुरेसा हिशेब मानला जावा. संस्थेची वार्षिक तरतूद संरक्षणखात्याच्या अंदाजपत्रकात निरनिराळ्या सदरांखाली विखरून ठेवली जाई. ती कोठे कोठे आहे हे विनियोग समितीच्या दोन-चार ज्येष्ठ सभासदांखेरीज कोणालाही ठाऊक नसे, आणि आपण संमत करीत असलेल्या रकमेत हेरखात्याचा वाटा दडलेला आहे याची कल्पना बाकीच्यांना मत देतानाही नसे.

अशा परिस्थितीत संस्था आणि विधिमंडळ यांच्यामधला दुवा म्हणजे वस्तुतः एक मनुष्य होता. येल विद्यापीठाचे कायद्याचे पदवीधर आणि महायुद्धात हवाईदलाच्या गुप्तवार्ता शाखेत काम केलेले वॉल्टर फोर्झायमर हे १९४६ पासून, म्हणजे सी. आय. ए.च्या पूर्वीच्या संघटनेच्या काळापासून, विधिमंडळाशी संबंध राखण्याचे काम पाहत होते आणि पुढे दहा वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले. जॉर्जियाचे सेनेटर रिचर्ड रसेल, त्याच राज्याचे प्रतिनिधिगृहातील कार्ल व्हिन्सन, मिसुरीचे क्लॅरेन्स कॅनन असे मोजके समितिप्रमुख हेच त्या काळी हेरखात्याच्या दृष्टीने विधिमंडळ होते. त्यांच्या सवडीने भेट घ्यायची, तोंडी वृत्तान्त द्यायचा, पैशाची मागणी सांगायची आणि लेखी काही मागे ठेवायचे नाही, असा शिरस्ता पडला. सैनिकी व्यवहार आणि विनियोग या समित्यांच्या लहान उपसमित्या नावाला होत्या, पण त्यांची बैठक वर्षातून एखाददुसरीच भरे, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र कर्मचारीवर्ग असावा असे कोणाच्या मनातही येत नसे.

या जुन्या व्यवस्थेचा उपहास करणे सोपे आहे, पण तिचे सामर्थ्यही पाहिले पाहिजे, आणि ते १९५३ च्या उन्हाळ्यात दिसले. सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या दहशतीने तेव्हा परराष्ट्रखाते हादरले होते. मॅकार्थींचे वकील रॉय कोन यांनी सी. आय. ए.मधील विल्यम बंडी या अधिकाऱ्याला समितीपुढे हजर करावे असा तगादा लावला; बंडी यांचा अपराध एवढाच की, साम्यवादी हेर असल्याचा आरोप आलेल्या ॲल्जर हिस यांच्या बचावनिधीला त्यांनी ४०० डॉलर दिले होते. संचालक ॲलन डलेस यांनी बंडी यांना समितीपुढे जाऊ दिले नाही, आणि मॅकार्थींना शेवटी माघार घ्यावी लागली. ज्या काळात मोठमोठी खाती गुडघे टेकत होती त्या काळात हे धैर्य डलेस यांना शक्य झाले, त्याचे एक कारण अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्या पाठिंब्याइतकेच हेही होते की, सेनेटमधील ज्येष्ठांशी संस्थेचे संबंध वर्षानुवर्षांच्या विश्वासावर उभे होते. परंतु याच विश्वासाची दुसरी बाजू अशी की, तो मोजक्या वृद्ध गृहस्थांच्या प्रकृतीवर, स्वभावावर आणि त्यांनी न विचारलेल्या प्रश्नांवर अवलंबून होता.

न विचारलेल्या प्रश्नांचा हा मुद्दा १९५६ मध्ये सेनेटच्या पटलावर स्पष्टपणे आला. माँटानाचे सेनेटर माइक मॅन्सफील्ड यांनी हेरखात्यावर देखरेख ठेवण्यासाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमावी असा ठराव आणला. पुष्कळ सभासदांनी आरंभी त्याला सहमती दर्शवली होती. पण मतदानाची वेळ आली तेव्हा त्यांतलेच अनेक जण उलट बाजूला गेले आणि ठराव २७ विरुद्ध ५९ मतांनी फेटाळला गेला. त्या चर्चेत मॅसॅच्युसेट्सचे लेव्हरेट सॉल्टनस्टॉल यांनी अशा आशयाचे निवेदन केले की, हेरखात्याचे अधिकारी सांगायला कचरतात हा प्रश्नच नाही, आम्हीच विचारायला कचरतो. कारण एक सभासद आणि एक नागरिक या नात्याने काही गोष्टी आपणास न कळलेल्याच बऱ्या असे आपल्याला वाटते. हे शब्द भ्याडपणाचे म्हणून पुढे अनेकदा उद्धृत झाले आहेत. मला त्यांत प्रामाणिकपणा अधिक दिसतो, आणि म्हणूनच ते अधिक चिंताजनक वाटतात. कारण ज्ञानाबरोबर जबाबदारी येते हे ओळखून ज्ञानच नको म्हणणारा लोकप्रतिनिधी हा लबाड लोकप्रतिनिधीपेक्षा दुर्मीळ नाही, आणि कोणताही कायदा त्याला प्रश्न विचारायला भाग पाडू शकत नाही.

व्हिएतनामच्या युद्धाने आणि वॉटरगेटने हा जुना विश्वास खचत गेला आणि २२ डिसेंबर १९७४ रोजी तो कोसळला, जेव्हा सेमूर हर्श यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये संस्थेच्या देशांतर्गत हेरगिरीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याच महिन्यात ह्यूज आणि रायन या दोन सभासदांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती कायद्यात आली: परदेशात गुप्त कारवाई करावयाची तर ती राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याचा निर्णय स्वतः राष्ट्राध्यक्षांनी घेतला पाहिजे आणि तो विधिमंडळाच्या योग्य त्या समित्यांना कळवला पाहिजे. पाठोपाठ सेनेटमध्ये फ्रँक चर्च यांची आणि प्रतिनिधिगृहात ओटिस पाइक यांची चौकशी समिती बसली. त्या चौकशांची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून मी ती येथे विस्ताराने सांगत नाही. एवढेच नमूद करतो की, चर्च समितीच्या कामातून १९ मे १९७६ रोजी सेनेटची कायम गुप्तवार्ता समिती उभी राहिली, आणि जुलै १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहाने तशीच समिती नेमली. पहिलीचे प्रमुख हवाईचे डॅनियल इनोये, दुसरीचे मॅसॅच्युसेट्सचे एडवर्ड बोलंड. त्याच १९७७ मध्ये माजी संचालक रिचर्ड हेल्म्स यांना, चिलीतील कारवायांविषयी सेनेटच्या समितीपुढे पूर्ण सत्य न सांगितल्याबद्दल, न्यायालयाने २,००० डॉलर दंड आणि स्थगित कारावास फर्मावला. हेल्म्स यांच्या दृष्टीने ते गुपित राखण्याच्या शपथेला जागले होते. न्यायालयाने मात्र विधिमंडळापुढील शपथ वरचढ ठरवली.

या दोन कायम समित्यांनी रोजच्या व्यवहाराचे स्वरूप पालटले. त्यांचे सर्वांत मोठे अस्त्र म्हणजे स्वतःचा कर्मचारीवर्ग. निवडून आलेल्या सभासदाला त्याच्या पदामुळेच गुप्त माहिती मिळण्याचा हक्क असतो, त्याची वेगळी छाननी होत नाही. पण सभासद शेतीच्या, कराच्या आणि स्वतःच्या निवडणुकीच्या व्यापात गुंतलेला असतो, आणि आठवड्यातून दोन-चार तासांपलीकडे या कामाला त्याच्याजवळ वेळ नसतो. उलट समितीचे सेवक सुरक्षा-छाननीतून उत्तीर्ण झालेले आणि पूर्णवेळ याच कामाला वाहिलेले असतात. त्यांतील बरेचसे पूर्वी हेरखात्यात किंवा सेनादलात काम केलेले असतात, आणि एकेका शाखेचे अंदाजपत्रक एकेकाकडे सोपवलेले असल्यामुळे कोणत्या प्रकल्पाचा खर्च गतवर्षीपेक्षा का वाढला, हे ते ओळीओळीने विचारू शकतात. सेनेटच्या समितीची कचेरी हार्ट इमारतीतल्या २१९ क्रमांकाच्या बंदिस्त दालनात आहे. प्रतिनिधिगृहाची समिती पूर्वी कॅपिटॉलच्या अगदी माथ्यावरील खोल्यांत होती आणि आता अभ्यागत-केंद्राच्या तळघरात आहे. दाराशी पहारा असतो, आत वाचलेले दस्तऐवज बाहेर नेता येत नाहीत, आणि घेतलेली टिपणेही आतच ठेवावी लागतात.

संस्थेच्या बाजूने या व्यवहाराचे काम एक खास कचेरी पाहते. तिची नावे वेळोवेळी बदलली, पण काम तेच. समितीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे संबंधित शाखांकडून मिळवायची. साक्षीला जाणाऱ्या अधिकाऱ्यांची तयारी करून घ्यायची. साक्षीनंतर मागितलेली लेखी स्पष्टीकरणे पाठवायची. परदेशच्या दौऱ्यावर निघालेल्या सभासदांना तेथील ठाण्याच्या प्रमुखांची भेट घडवून आणायची. कोणी मतदार सभासदाकडे हेरखात्याविषयी तक्रार घेऊन गेला तर त्या पत्राचे उत्तर द्यायचे. आणि या साऱ्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखादी कारवाई फसली, एखादा दूत पकडला गेला, किंवा उद्या वर्तमानपत्रात काहीतरी छापून येणार असे कळले की, ते छापून येण्यापूर्वी समितीला लेखी सूचना पोहोचवायची. शेवटच्या कामात वेळ म्हणजेच सर्वस्व. जे सभासदाला सकाळच्या वर्तमानपत्रातून प्रथम कळते, ते त्याच्यापासून लपवले गेले होते असाच त्याचा समज होतो, आणि बऱ्याचदा तो समज खराही असतो.

ज्या अधिकाऱ्याच्या शिरावर हे काम पडते त्याची अवस्था मला नेहमीच विचारणीय वाटली आहे. हेरखात्यात माहिती कप्प्याकप्प्यांनी विभागलेली असते आणि ज्याला जेवढी आवश्यक तेवढीच दिली जाते. त्यामुळे विधिमंडळात संस्थेचे मुख म्हणून जाणारा हा मनुष्य कित्येकदा स्वतःच अंधारात असतो. कारवाया चालवणाऱ्या सहकाऱ्यांना तो परक्यांना गुपिते वाटणारा भासतो आणि समितीच्या सेवकांना तो दार अडवून बसलेला वाटतो. त्याला अपुरे सांगितले गेले तर तो अपुरे सांगतो, आणि पुढे उघडे पडल्यावर विश्वास मात्र त्याचा जातो. या पदावरचा माणूस खात्यात इतका वजनदार असला पाहिजे की त्याच्यापासून काही लपवण्याची कोणाला छाती होऊ नये, ही गोष्ट संस्थेच्या अनेक संचालकांच्या ध्यानी उशिरा आली. विल्यम केसी यांच्या तर ती कधी आलीच नाही.

केसी हे १९८१ मध्ये संचालक झाले. विधिमंडळाविषयी त्यांच्या मनात असलेली अनास्था त्यांनी कधी झाकली नाही. ते इतके अस्पष्ट बोलत की साक्षीच्या वेळी सभासदांना त्यांचे शब्द पकडणे कठीण जाई. तोवर १९८० च्या कायद्याने काँग्रेसची बाजू पुष्कळ सुकर आणि पुष्कळ बळकट केली होती: आधी ज्या आठ समित्यांना गुप्त कारवाया कळवाव्या लागत, त्यांच्या जागी दोन गुप्तवार्ता समित्याच राहिल्या, आणि त्यांना सर्व गोष्टींची पूर्ण व वेळच्या वेळी माहिती देणे हे हेरखात्याचे कर्तव्य ठरले. असे असताना १९८४ च्या आरंभी निकाराग्वाच्या बंदरांत सी. आय. ए.च्या योजनेनुसार सुरुंग पेरले गेले. मार्चमध्ये सेनेट समितीच्या दोन तासांहून अधिक चाललेल्या बैठकीत या गोष्टीचा उल्लेख केवळ एका वाक्यात झाला, आणि तोही अशा रीतीने की, हे काम आपल्याच संस्थेने केले आहे याचा बोध ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना झाला नाही. समितीचे प्रमुख बॅरी गोल्डवॉटर हे केसी यांचे मित्र, हेरखात्याचे कट्टर पाठीराखे. त्यांनी ९ एप्रिल रोजी केसींना लिहिलेल्या पत्रात आपला संताप कोणताही आडपडदा न ठेवता व्यक्त केला आणि हे कृत्य आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करणारे, युद्धाच्या तोडीचे आहे असे बजावले. दुसऱ्याच दिवशी सेनेटने ८४ विरुद्ध १२ मतांनी सुरुंगपेरणीचा निषेध केला. उपप्रमुख डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी पद सोडण्याची घोषणा केली आणि केसींनी क्षमा मागितल्यावरच ती मागे घेतली. जूनमध्ये दोन्ही बाजूंनी एक लेखी करार केला, ज्यात कोणत्या प्रकारच्या बदलाची सूचना आगाऊ दिली पाहिजे हे तपशीलवार नमूद झाले.

आम्ही सांगितले होते, असे केसी म्हणत राहिले, आणि अक्षरशः पाहता ते खोटे नव्हते. पण समोरच्याच्या ध्यानात येऊ नये अशा बेताने उच्चारलेले वाक्य हे कळवणे नव्हे; आणि ते ध्यानात आले की नाही हे तपासायला बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी एखाद्या संपर्क-अधिकाऱ्याने समितीच्या सेवकाशी पंधरा मिनिटे बसून बोलणे पुरे झाले असते. त्या वर्षापर्यंत ज्यांच्याकडे ही संपर्काची कचेरी होती ते क्लेअर जॉर्ज स्वतः गुप्त कारवायांच्या शाखेतून आलेले होते आणि १९८४ मध्येच त्या शाखेचे प्रमुख होऊन परतले. इराणला शस्त्रे विकून निकाराग्वातील बंडखोरांना पैसा पुरवण्याच्या प्रकरणात काँग्रेसशी खोटे बोलल्याबद्दल डिसेंबर १९९२ मध्ये ते दोषी ठरले, आणि त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यांना माफी दिली. त्या प्रकरणात तर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या १७ जानेवारी १९८६ च्या लेखी निर्णयातच काँग्रेसला कळवू नये अशी ताकीद होती; काँग्रेसला ते कळले दहा महिन्यांनी, आणि तेही लेबनॉनच्या एका साप्ताहिकामुळे. १९९१ च्या कायद्याने मग असा निर्बंध घातला की, राष्ट्राध्यक्षांचा निर्णय लेखीच असला पाहिजे आणि झालेल्या कृत्याला मागाहून मंजुरी देता येणार नाही.

नव्वदीच्या दशकात दोन्ही बाजूंची माणसे एकमेकांच्या घरांत वावरू लागली. सेनेट समितीच्या कर्मचारीवर्गाचे माजी प्रमुख जॉर्ज टेनेट १९९७ मध्ये सी. आय. ए.चे संचालक झाले. एके काळी तेथे नोकरी केलेले पोर्टर गॉस प्रतिनिधिगृहाच्या समितीचे प्रमुख होऊन २००४ मध्ये संचालकपदी परतले. यामुळे परिचय वाढला, पण परीक्षकाची दृष्टी काहीशी मवाळ झाली असे मला वाटते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ मध्ये काँग्रेसच्या देखरेखीची व्यवस्था निकामी झाली असल्याचे परखडपणे लिहिले.

त्या हल्ल्यानंतर दहशतवादाच्या संशयावरून पकडलेल्या कैद्यांच्या चौकशीच्या प्रकरणात माझ्या मुख्य मुद्द्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मिळतो. २००२ च्या शरद ऋतूपासून सी. आय. ए.ने आपल्या क्रूर चौकशी-पद्धतींची माहिती दोन्ही समित्यांचे प्रमुख आणि विरोधी पक्षाचे ज्येष्ठ सभासद एवढ्यांनाच दिली. त्यांच्या बहुतेक सेवकांना मज्जाव होता आणि ऐकलेले सहकाऱ्यांना सांगण्याची मुभा नव्हती. समितीतील बाकीच्या सभासदांना हे सारे कळले ते ६ सप्टेंबर २००६ रोजी, राष्ट्राध्यक्षांनी जगाला सांगण्याच्या काही तास आधी. पुढे २००९ मध्ये कोणाला काय सांगितले होते यावर वाद माजला, तेव्हा संस्थेने माजी सेनेटर बॉब ग्रॅहॅम यांना, तुम्हांला चार वेळा माहिती दिली होती, असे तारखांसह कळवले. ग्रॅहॅम यांना खिशातल्या छोट्या वह्यांत दिवसभराची प्रत्येक हालचाल टिपण्याची आयुष्यभराची सवय; त्यांनी वह्या उघडल्या, आणि चारांपैकी तीन तारखांना अशी बैठक झालीच नव्हती हे दाखवून दिले. संस्थेला ते मान्य करावे लागले. एका सभासदाच्या वैयक्तिक सवयीने जे साधले, ते विधिमंडळाच्या कोणत्याही दफ्तराला साधले नव्हते. कारण त्या बैठकांची नोंद ठेवणे सर्वस्वी हेरखात्याच्या हाती होते.

त्याच वर्षी सेनेट समितीने कैद्यांच्या चौकशीचे कागद स्वतःच वाचायचे ठरवले. व्हर्जिनियातील एका भाड्याच्या जागेत, सी. आय. ए.ने पुरवलेल्या संगणकांवर, समितीच्या थोड्या सेवकांनी साठ लाखांहून अधिक पाने चाळली. सहा हजारांहून जास्त पानांच्या त्या अहवालाचा सारांश ९ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध झाला, आणि संस्थेने समितीला वेळोवेळी दिलेली माहिती चुकीची व अपुरी होती, असा त्याचा एक प्रमुख निष्कर्ष आहे. तत्पूर्वी ११ मार्च रोजी समितीच्या प्रमुख डायॅन फाइनस्टाइन यांनी सेनेटमध्ये उभे राहून, हेरखात्याने आमच्या सेवकांच्या संगणकांत शिरकाव केल्याचा आरोप केला होता; संचालक जॉन ब्रेनन यांनी तो प्रथम धुडकावला, आणि संस्थेच्याच महानिरीक्षकांनी पाच कर्मचाऱ्यांना दोषी ठरवल्यावर त्यांनी क्षमा मागितली. ज्यांनी देखरेख करायची त्यांचे दफ्तर ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांच्या यंत्रावर असेल, तर याहून वेगळे काय घडणार?

या साऱ्या इतिहासाचे धागे आपल्या देशापर्यंतही येतात. नंदादेवीच्या परिसरात १९६५ मध्ये भारतीय आणि अमेरिकी गुप्तवार्ता संस्थांनी चिनी क्षेपणास्त्र-चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी प्लुटोनियमवर चालणारे यंत्र नेले आणि ते हिमालयात हरवले. ही गोष्ट भारतीय लोकसभेला सांगण्याची पाळी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्यावर एप्रिल १९७८ मध्ये आली, ती एका अमेरिकी मासिकातील लेख आणि त्यावरून रिचर्ड ऑटिंजर व जॉन डिंगेल या दोन अमेरिकी लोकप्रतिनिधींनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना लिहिलेले पत्र यांमुळे. निकाराग्वा प्रकरणातील मॉयनिहन हे त्याआधी दिल्लीत राजदूत होते, आणि गुप्तवार्ता समितीचे सभासद असतानाच १९७८ साली प्रकाशित केलेल्या पुस्तकात त्यांनी, साम्यवादी सरकारे येऊ नयेत म्हणून सी. आय. ए.ने केरळात आणि पश्चिम बंगालमध्ये काँग्रेस पक्षाला दोनदा पैसा दिला होता, असे लिहिले. मे १९९८ मध्ये पोखरणच्या अणुस्फोटांचा सुगावा आधी न लागल्याबद्दल सेनेट समितीचे प्रमुख रिचर्ड शेल्बी यांनी आपल्या हेरखात्याला सर्वांसमक्ष धारेवर धरले आणि ॲडमिरल डेव्हिड जेरेमाया यांनी त्याची चौकशी केली.

आपल्याकडे याला समांतर काही नाही. इंटेलिजन्स ब्यूरो ही संस्था १८८७ पासूनची, रिसर्च अँड ॲनालिसिस विंग सप्टेंबर १९६८ ची. दोहोंपैकी एकीलाही संसदेने कायद्याने निर्मिलेले नाही, आणि माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातूनही भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे प्रश्न वगळता त्यांना मोकळीक आहे. १९६७ च्या निवडणुकांत परकीय पैसा आल्याच्या आरोपाची गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी चौकशी करवली, पण तो अहवाल संसदेपुढे ठेवला गेला नाही. चव्हाण यांच्यासारखा संसदेची बूज राखणारा मुत्सद्दीही तो ठेवू शकला नाही, यात मला त्या व्यक्तीपेक्षा व्यवस्थेचा दोष दिसतो. तो अहवाल बंद दाराआड वाचू शकेल अशी एकही समिती अस्तित्वात नव्हती, त्यामुळे सर्वांना दाखवणे किंवा कोणालाच न दाखवणे एवढेच दोन मार्ग त्यांच्यापुढे होते. ब्रिटनने मात्र १९९४ मध्ये कायदा करून अशा देखरेखीसाठी संसद सभासदांची समिती नेमली. आपल्याकडे खासदार मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये लोकसभेत गुप्तवार्ता संस्थांसाठी खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

असा कायदा उद्या झालाच, तर वाद बहुधा समितीत कोणत्या पक्षाचे किती सभासद असावेत यावर रंगेल. अमेरिकेचा अनुभव पाहता मी आधी दुसऱ्याच गोष्टी मागेन: समितीसाठी छाननीतून गेलेले पूर्णवेळ सेवक, प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त समितीच्याच लेखनिकाने लिहिण्याचा हक्क, ते ठेवायला समितीच्या ताब्यातली खोली आणि समितीच्याच मालकीची यंत्रे, व संस्थांच्या बाजूला असा एक ज्येष्ठ संपर्क-अधिकारी, ज्याच्यापासून खात्यातली कोणतीही फाईल अडवून ठेवता येणार नाही.